दोष इंजिनचा नाही, नळीचा आहे

गाडी ‘मिसिंग मारते’ ही गॅरेजमधली जुनी तक्रार. चारपैकी एखादा सिलिंडर पेटत नाही, इंजिन थरथरतं, ओढ कमी होते. मिस्त्री प्लग काढतो, कॉइल तपासतो आणि दोष सापडतो. पण सोलापूर-पुणे महामार्गावर नव्वदच्या वेगाने निवांत चाललेली दीड लिटरची टर्बो पेट्रोल गाडी मधूनच खालच्या पट्टीत घुमायला लागते. कानांवर दाब आल्यासारखं वाटतं. ॲक्सिलरेटर जरा दाबला की घुमणं थांबतं, पाय सैल केला की पुन्हा सुरू होतं. गॅरेजला दाखवावं तर प्लग, कॉइल, इंजेक्टर सगळं ठणठणीत. अशा वेळी दोन गोष्टी विचाराव्यात. भार कमी असताना निम्मे सिलिंडर बंद करण्याची सोय या गाडीत आहे का? आणि हिचा सायलेन्सर बदललेला आहे का?

दोन्हींचं उत्तर ‘हो’ आलं, तर बहुतेक वेळा इंजिन बिघडलेलं नसतं. कंपनीने नेमून दिलेलं काम ते चोख करत असतं. बाहेरून बसवलेल्या नळीला ते झेपत नसतं. मग मालकापुढे दोन वाटा उरतात. नळी पूर्ववत करायची, किंवा रिमॅप करून, म्हणजे इंजिनच्या संगणकातला कार्यक्रम बदलून, ती सोयच कायमची बंद करून टाकायची. ‘रिमॅप मारून टाका, विषय संपला’ हा दुसऱ्या वाटेचा सल्ला सहज मिळतो आणि ऐकायला सोपाही वाटतो. तो का टाळावा, हे समजायचं तर आधी इंजिनच्या आत डोकवायला हवं.

चाकणची गाडी, दोन सिलिंडर

आपल्याकडे ही सोय प्रामुख्याने चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या स्कोडा आणि फोक्सवॅगनच्या गाड्यांत आली. २०२१ मध्ये कुशाक आणि टायगुन, २०२२ मध्ये स्लाविया आणि व्हर्टस. या गाड्यांच्या १.५ लिटर टीएसआय इंजिनात १५० अश्वशक्ती आणि २५० न्यूटन मीटर टॉर्क आहे. एकाच वेगाने, फारसा जोर न लावता गाडी चालू लागली की चारपैकी मधले दोन सिलिंडर, म्हणजे क्रमांक दोन आणि तीन, काम थांबवतात. एक आणि चार तेवढे पेटत राहतात. चढ आला, ओव्हरटेक करायचं झालं, की बंद सिलिंडर लगेच कामाला लागतात. फोक्सवॅगनने २०१२ मध्ये हे तंत्र १.४ लिटर इंजिनात आणलं, तेव्हा या बदलाला इंजिनच्या वेगानुसार १३ ते ३६ मिलिसेकंद लागतात असं सांगितलं होतं. चालवणाऱ्याच्या पायाला ते कळतही नाही.

हे का करायचं? पेट्रोल इंजिनला किती हवा मिळेल हे थ्रॉटलची चकती ठरवते. सपाट रस्त्यावर, वारा नसताना, नव्वदच्या वेगाने अशी गाडी पुढे न्यायला साधारण १५ ते २० अश्वशक्ती पुरते. इंजिन १५० देऊ शकतं. म्हणून चकती बरीचशी मिटलेली राहते आणि चारही पिस्टनना त्या फटीतून हवा खेचावी लागते. पिचकारीच्या तोंडावर बोट ठेवून दांडा मागे ओढून पाहा, हाताला जो विरोध जाणवतो तोच पिस्टनला प्रत्येक खेपेला सोसावा लागतो. पेट्रोलचा एक हिस्सा या ओढाताणीतच खर्च होतो. दोन सिलिंडर बंद केले की उरलेल्या दोघांवर दुप्पट काम पडतं, त्यांना जास्त हवा लागते, चकती जास्त उघडते आणि ओढाताण कमी होते.

बंद सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि ठिणगी थांबवून भागत नाही. त्याचे व्हॉल्व्हही मिटावे लागतात. नाहीतर कोरी हवा आरपार जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला थंड करेल आणि धुराडीतला ऑक्सिजन सेन्सर चुकीचा हिशेब देईल. व्हॉल्व्ह मिटले की आत अडकलेली हवा पिस्टन वर जाताना दाबली जाते, खाली येताना पसरते आणि दाबायला लागलेली बरीचशी ऊर्जा परत करते.

कॅमशाफ्टवरची करामत

व्हॉल्व्ह उघडणं-मिटणं कॅमशाफ्टच्या हातात असतं, आणि कॅमशाफ्ट हा सोलापूरच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. चादरी आणि टॉवेलसाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहरात १९९२ मध्ये यतिन शहा यांनी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी सुरू केली. देशोदेशीच्या मोटार कंपन्यांना ती कॅमशाफ्ट पुरवत आली आहे. बिडाच्या ओतकामात कॅमच्या पृष्ठभागाला झपाट्याने थंड करून कठीण करण्याची कला इथल्या कामगारांनी आत्मसात केली. इंजिनच्या आत मिनिटाला हजारो वेळा घासल्या जाणाऱ्या या भागाची इभ्रत सोलापूरकराला वेगळी सांगायला नको.

साध्या कॅमशाफ्टवर प्रत्येक व्हॉल्व्हसाठी एक अंडाकृती उंचवटा असतो. तो खाली आला की व्हॉल्व्ह दाबला जाऊन उघडतो. फोक्सवॅगनच्या रचनेत दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरपाशी कॅम थेट शाफ्टवर नसतात, शाफ्टवर सरकणाऱ्या बाहीवर असतात. बाहीवर शेजारीशेजारी दोन आकार घडवलेले असतात. एक नेहमीचा उंचवटा, दुसरा नुसता गोल, उंचवटाच नसलेला. बाहीवर मळसूत्री खाच कोरलेली असते. इंजिनच्या संगणकाने हुकूम दिला की विद्युत चुंबकाच्या जोरावर एक खिळी त्या खाचेत उतरते आणि शाफ्ट फिरता फिरता बाही काही मिलिमीटर बाजूला सरकते. आता व्हॉल्व्हसमोर गोल भाग येतो. कॅम फिरत राहतो, व्हॉल्व्ह मात्र हलत नाही. पुन्हा हुकूम झाला की दुसरी खिळी बाहीला मूळ जागी आणते. सगळा खेळ खिळी आणि खाच यांचा, पण तो फिरत्या शाफ्टवर आणि अचूक वेळ साधून खेळावा लागतो.

आवाजाचा हिशेब

आता घुमण्याकडे वळू. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा पेटतं. मिनिटाला २,००० फेरे धरले तर सेकंदाला ३३ फेरे होतात आणि धुराडीत सेकंदाला साधारण ६७ धक्के जातात. दोन सिलिंडर बंद झाले की हे धक्के निम्म्यावर, म्हणजे सेकंदाला ३३ वर येतात. आवाजाची पट्टी एक सप्तक खाली उतरते. शिवाय चालू असलेल्या दोघांवर दुप्पट काम पडलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक धक्का आधीपेक्षा दमदार असतो. धक्के कमी पण मोठे, ही घुमण्याची पहिली अर्धी बाजू.

दुसरी अर्धी बाजू गाडीच्या पोटात आहे. बंद काचांची केबिन म्हणजे अडीच मीटरच्या आसपास लांबीची एक हवाबंद पोकळी. अशा पोकळीत सेकंदाला ६० ते ८० कंपनांचा आवाज सहज दुमदुमतो. ३३ चा मूळ आवाज कानाला कमी ऐकू येतो, अंगाला आणि कानाच्या पडद्यावर दाबासारखा जाणवतो. पण प्रत्येक आवाजाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे उपस्वरही असतात. ३३ ची दुप्पट ६७, आणि ती नेमकी केबिनच्या दुमदुमण्याच्या पट्ट्यात येऊन बसते. म्हणून हा आवाज बाहेर उभ्या माणसापेक्षा मागच्या सीटवर बसलेल्या आजीला जास्त छळतो.

कंपनीच्या अभियंत्यांना हे सगळं आधीच ठाऊक असतं. म्हणून कंपनीचा सायलेन्सर दिसायला डबा असला, तरी आत त्याचे कप्पे पाडलेले असतात. काही ठिकाणी हवेला अचानक मोठी जागा मिळते, काही ठिकाणी तरंग उलटा परतून मूळ तरंगाला खोडून काढतो. खालच्या पट्टीच्या आवाजाला आवर घालायला असे मोठे कप्पेच लागतात.

बाजारातल्या ‘फ्री फ्लो’ सायलेन्सरची रचना बहुधा वेगळी असते. मधून सरळ भोकं पाडलेली नळी आणि तिच्याभोवती काचेची लोकर. लोकर उंच पट्टीचा, कर्कश आवाज चांगला शोषते. खालच्या पट्टीच्या लांबलचक तरंगांपुढे तिचं फारसं काही चालत नाही. त्यातच मधला रेझोनेटर, म्हणजे घुमणं दाबणारा डबा, काढून सरळ पाइप टाकला की उरलासुरला बंदोबस्तही जातो. चारही सिलिंडर चालू असताना हा सायलेन्सर मालकाला हवा तसा भारदस्त वाटतो. दोन बंद झाले की त्याचं पितळ उघडं पडतं.

या घुमण्यावर गॅरेजवाले एक उपाय सुचवतात. धुराडीला बाजूने एक बंद तोंडाची नळी जोडायची, त्या आवाजाच्या तरंगलांबीच्या पाव लांबीची. तिच्यात शिरलेला तरंग परत येताना उलटा होऊन मूळ आवाजाला मारतो. तत्त्व पक्कं आहे. पण मोजमाप करून पाहा. गरम धुरात आवाजाचा वेग सेकंदाला ४५० मीटर धरला, तर ६७ कंपनांसाठी नळी पावणेदोन मीटर लांब हवी. ३३ कंपनांसाठी जवळजवळ साडेतीन मीटर. टायगुनची अख्खी लांबीच सव्वाचार मीटरच्या आत आहे. एवढी नळी बसवायची कुठे? आणि बसवली तरी ती एका ठरावीक फेऱ्यालाच लागू पडणार. इंजिनचा वेग बदलला की घुमणं पुन्हा हजर.

अमेरिकेतला सल्ला इथे चालत नाही

सिलिंडर बंद करण्याची सोयच बंद पाडण्याचा छंद मुळात अमेरिकेतला, आणि त्यामागे तिथली कारणं आहेत. १९८१ मध्ये कॅडिलॅकने आठ सिलिंडरचं इंजिन सहा किंवा चारवर चालवणारी गाडी आणली. त्या काळचा संगणक या कामाला अपुरा पडला, गाड्या धक्के खाऊ लागल्या आणि अनेक ठिकाणी डीलरनीच तार तोडून ती सोय बंद करून दिली. पुढे २००० च्या दशकात क्रायस्लरच्या हेमी आणि जनरल मोटर्सच्या व्ही-८ इंजिनांत ती नव्या रूपात परतली. जनरल मोटर्सच्या त्या इंजिनांत व्हॉल्व्हला ढकलणारे लिफ्टर तेलाच्या दाबावर मोकळे किंवा घट्ट होतात. काही इंजिनांत हे लिफ्टर निकामी झाले आणि दुरुस्तीचा खर्च मालकांच्या माथी पडला. मग गाडीच्या तपासणीच्या खोबणीत खोचून सोय बंद ठेवणारी उपकरणं तिथे दुकानात मिळू लागली.

घुमण्याचं गणितही तिथे आणखी त्रासदायक आहे. व्ही-८ इंजिन १,८०० फेऱ्यांना सेकंदाला १२० धक्के देतं, चारवर आलं की ६०. म्हणजे मूळ आवाजच केबिनच्या दुमदुमण्याच्या पट्ट्यात उतरतो. यावर कंपन्यांनीही खर्च केला आहे. होंडाने अशा इंजिनांसाठी हलता पाया आणि स्पीकरमधून उलटा आवाज सोडण्याची व्यवस्था वापरली. २०१९ च्या रॅम ट्रकच्या चेसिसवर कंपनं मारण्यासाठी विजेवर हलणारी वजनं बसवली गेली. यावरून लक्षात येतं की हे तंत्र आणि सायलेन्सर यांची जोडी कारखान्यातच जुळवलेली असते. एक बदलला की दुसऱ्याचा तोल जातोच.

आपल्या चार सिलिंडरच्या इंजिनात ते लिफ्टर नाहीत, सरकती बाही आहे. टर्बोची चाकंही धुराचे धक्के काही प्रमाणात मऊ करतात. त्यामुळे ‘इंजिन वाचवायचं तर ही सोय बंद करा’ हा अमेरिकन व्ही-८ वाल्यांचा सल्ला इथे जसाच्या तसा लागू होत नाही. इथे सोय बंद करायचं कारण एकच उरतं, ते म्हणजे बदललेल्या नळीचा आवाज.

बंद करायचीच असेल तर

घुमणं टाळण्याचा सर्वात निर्धोक मार्ग गिअरच्या दांड्यात आहे. फोक्सवॅगनच्या पहिल्या रचनेत तिसरा किंवा वरचा गिअर, ५० अंशांवर तापलेलं तेल आणि मर्यादित टॉर्क या अटी जुळल्या तरच दोन सिलिंडर बंद होत. ऑटोमॅटिक गाडी ‘एस’ मध्ये टाकली किंवा मॅन्युअलमध्ये एक गिअर खाली घेतला, की इंजिनचे फेरे वाढतात, धक्क्यांची पट्टी वर सरकते आणि घुमण्याचा टापू सुटतो. वायर तोडायला नको, सॉफ्टवेअरला हात लावायला नको आणि दांडा मागे घेतला की सगळं पूर्ववत.

दुसरा मार्ग रिमॅपचा. इंजिनच्या संगणकातला कार्यक्रम बदलून ती सोय कायमची काढून टाकायची. हे होऊ शकतं, पण त्याची किंमत मोजावी लागते. वॉरंटीत असलेल्या गाडीचा कार्यक्रम बदलल्याचं कंपनीच्या तपासणीत दिसून येतं आणि इंजिनच्या दाव्यावर पाणी सोडावं लागू शकतं. गाडीला मिळालेलं उत्सर्जनाचं प्रमाणपत्र त्या मूळ कार्यक्रमासह मिळालेलं असतं. १ एप्रिल २०२३ पासूनच्या बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यात तर रस्त्यावर प्रत्यक्ष होणाऱ्या उत्सर्जनावरही लक्ष असतं. आणि पेट्रोलचं काय? १.४ लिटर इंजिनासाठी फोक्सवॅगनने युरोपीय चाचणीत १०० किलोमीटरला ०.४ लिटरची बचत सांगितली होती. तोच हिशेब लावला तर पुण्यापर्यंतच्या अडीचशे किलोमीटरला एक लिटर. शंभराच्या पुढे दर असलेलं पेट्रोल घुमणाऱ्या नळीच्या हौसेपायी जाळायचं, हा सौदा कोणाच्या फायद्याचा?

रिमॅपच्या आधी साधी तपासणी करावी. घुमणं डिस्प्लेवर दोन सिलिंडरची खूण येताच सुरू होतं आणि जाताच थांबतं का, ते शेजारी बसलेल्याला बघायला सांगावं. तसं असेल तर रोख सायलेन्सरकडे. मग गाडी लिफ्टवर घेऊन धुराडीचे रबरी टांगणे, जोडावरची गळती, पाइप चेसिसला टेकतोय का आणि उष्णतारोधक पत्रा सैल आहे का, हे बघून घ्यावं. सैल पत्रा खालच्या पट्टीत हमखास खडखडतो. पण थरथर त्या खुणेशी जुळत नसेल, ओढ कमी झाली असेल आणि इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर ते खरं मिसिंग आहे. तेव्हा जोर न लावता गाडी थेट वर्कशॉपला न्यावी. न जळालेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पोचलं तर तो जळून जाऊ शकतो.

आवाज एकट्याचा नसतो

नळीचा प्रश्न केबिनपुरता राहत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणी पुस्तकातल्या, उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करायला मनाई करतं. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका ठामपणे मांडली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार बेकायदा फेरबदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराचे निकष मोडल्यास कलम १९०(२) खाली पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने परवान्यावर गदा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम तर सायलेन्सर बंधनकारकच करतो. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले, ते याच जोरावर.

सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ दरम्यान ४५ डेसिबलची मर्यादा घातली. रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवतालच्या शांतता क्षेत्रात ती अनुक्रमे ५० आणि ४० आहे. सोलापुरात हे आकडे कागदावरचे राहत नाहीत. पूर्व भागात यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेला कामगार दिवसाच झोपतो. सिव्हिल हॉस्पिटलच्या वॉर्डात नुकतंच ऑपरेशन झालेला माणूस पडलेला असतो. खालच्या पट्टीचा आवाज भिंती आणि काचांतूनही सहज आत शिरतो आणि या माणसांना खिडकी लावूनही सुटका मिळत नाही.

गाडीची हौस असणं चांगलंच. इंजिन कसं चालतं हे जाणून घेण्याची ओढ या शहरातल्या पोरांत आहे आणि ती वाढायला हवी. पण ज्या शहराने जगाला कॅमशाफ्ट पुरवले, तिथल्या माणसाने तरी कॅमशाफ्टवरची इतकी देखणी करामत एका नळीसाठी बंद पाडू नये. सायलेन्सर बदललाच असेल तर मूळ सायलेन्सर भंगारात देऊ नका, घरी आणून ठेवा. घुमणं सुरू झालं तर आधी तोच परत बसवून पाहा. त्याने आवाज जातो, वॉरंटी शाबूत राहते, पोलिसांचा ससेमिरा सुटतो आणि पेट्रोलही वाचतं. इंजिनच्या संगणकाला हात लावायची गरजच पडत नाही.